मदत हवी आहे: जिप्सीचं फोर-व्हील काढून टू-व्हील करावं का?

घनसाळ:
नमस्कार मंडळी. मी एरवी पाककृतींच्या धाग्यांवर असते. गाड्यांच्या दालनात पहिल्यांदाच आले आहे, शब्द चुकले तर सांभाळून घ्या.

आमच्याकडे २००७ ची जिप्सी किंग आहे, पेट्रोल. आण्णांनी (माझे वडील) ती दुसऱ्या हाताने घेतली. आजऱ्याहून आंबोलीकडे जाताना आत आमची काजूची बाग आहे. शेवटची दीड किलोमीटर पाणंद आहे, तांबडी माती आणि मध्ये एक ओढा. आण्णांच्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून गाडी मीच चालवते. रोज शाळेला डांबरी रस्त्याने बावीस किलोमीटर, आणि आठवड्यातून दोनदा बागेत.

गाडीच्या तक्रारी अशा:
पन्नासच्या पुढे गेलं की खालून घूं असा आवाज येतो. डावीकडे वळताना पुढच्या चाकाकडे कटकट वाजतं आणि खड्ड्यातून गेलं की स्टिअरिंग हाताला झटके देतं. फोर-व्हीलचा छोटा दांडा कधीकधी अडकून बसतो, दोन्ही हातांनी ओढला तरी येत नाही. आणि अ‍ॅव्हरेज नऊच्या वर जात नाही.

गावातल्या गॅरेजवाल्याचं म्हणणं, सगळ्या दुखण्याचं मूळ ते फोर-व्हील, म्हणजे पुढच्या चाकांनाही जोर देणारी यंत्रणाच आहे. पुढचा प्रोपेलर शाफ्ट (पुढच्या चाकांकडे जोर नेणारा लांब दांडा), हौजिंगमधलं (दोन चाकांमधल्या लोखंडी नळीतलं) क्राऊन-पिनियन, म्हणजे गिअरची जोडी आणि दोन्ही अ‍ॅक्सल काढून टाकू, गाडी हलकी होईल, अ‍ॅव्हरेज बाराला जाईल. मजुरी सहा हजार, आणि निघालेलं सामान तो घेणार. आण्णा ऐकायलाच तयार नाहीत. "बैलाचे पुढचे पाय बांधून नांगराला जुंपतेस काय?" म्हणतात.

करावं का? कोणी केलं आहे का?

अक्कलकाढा:
ताई, निघालेलं सामान तो घेणार, या एका वाक्यात तुमचं उत्तर आहे. टू-व्हील जीपला फोर-व्हील करायला लोक जुनं सामान शोधत भंगार बाजार पालथे घालतात. २०१९ ला जिप्सी बंद झाल्यापासून तर विचारूच नका. मजुरी त्याने तुम्हाला द्यायला पाहिजे!

जुना_फिटर:
उत्तर देण्याआधी विचारतो, कारण "आवाज येतो" यावर औषध देणारा मिस्त्री आणि फोनवरून इंजेक्शन सांगणारा डॉक्टर सारखेच.
पुढच्या चाकांच्या मधोमध हाताने फिरवायची गोल टोपी आहे का, जिच्यावर लॉक (चाक आतल्या अ‍ॅक्सलला जोडलेलं) आणि फ्री (चाक सुटं) असं असतं? ती सध्या कशावर आहे? फोर-व्हीलचा दांडा नेमका कुठे अडकतो, चिखलात की रस्त्यावर? आणि चारही टायरांच्या बाजूला जे आकडे लिहिलेले असतात ते जसेच्या तसे इथे टाका.

घनसाळ:
टोप्या आहेत, आधीच्या मालकाने बसवलेल्या. दोन्ही लॉकवर. आण्णांचा नियम असा की मिरगाला लॉक आणि दिवाळीला फ्री. यंदा त्यांच्या ऑपरेशनच्या गडबडीत फ्री करायच्या राहून गेल्या, आणि मला ते माहीतही नव्हतं.
दांडा रस्त्यावरच अडकतो. पावसात रस्ता निसरडा म्हणून आण्णा सगळीकडे फोर-व्हीलमध्येच चालवायचे आणि मलाही तसंच शिकवलं.
टायर: पुढे दोन्ही २०५/७० आर १५. मागे दोन्ही २१५/७५ आर १५. मागे काजूची पोती असतात म्हणून मोठे घातले, असं आण्णांचं म्हणणं.

जुना_फिटर:
सापडलं. निदान अर्धं तरी.

आधी गाडी समजून घ्या. जिप्सीचं फोर-व्हील हे हवं तेव्हा जोडायचं आणि नको तेव्हा सोडायचं. दांडा टू-व्हीलमध्ये असेल तेव्हा जोर फक्त मागच्या चाकांना जातो, म्हणजे डांबरी रस्त्यावर तुमची गाडी आजही टू-व्हीलच आहे. दांडा फोर-व्हीलला टाकला की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधले जातात. त्यांच्यात सवड द्यायला मध्ये काहीही नाही. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा फेरा घेतात. तो फरक चिखलात चाक थोडं घसरून भरून निघतो. डांबरावर चाक घसरत नाही, मग पीळ आत शाफ्टमध्ये आणि गिअरमध्ये चढत जातो. दोरीला पीळ देत राहिलं की गाठ कशी आवळते, तसा तुमचा दांडा आवळतो. पुन्हा अडकला तर ओढू नका. स्टिअरिंग सरळ धरून पंधरा-वीस फूट रिव्हर्स घ्या, आपोआप सुटेल.

गॅरेजवाल्याच्या योजनेबद्दल. अ‍ॅक्सल उपसून काढले तर त्या नळीच्या टोकाचं सील कशावर बसणार? हौजिंगमध्ये ऑइल ठेवलं असेल तर ते चाकाच्या गोळ्यात उतरेल. बुच मारावं लागेल आणि ते बहुतेक मारत नाहीत. दुसरं, लोखंडी हौजिंग तर राहणारच, कारण पुढची चाकं आणि कमानपाटे त्यावरच उभे आहेत. मग गाडी हलकी किती होणार?

त्याहून महत्त्वाचं म्हणजे कोणी उत्साहाने ट्रान्सफर केसच (गिअरबॉक्सचा जोर पुढच्या-मागच्या शाफ्टना देणारी पेटी) काढायला निघाला तर हात धरा. जिप्सीत ती गिअरबॉक्सला चिकटलेली नाही, वेगळी टांगलेली आहे आणि मध्ये छोटा शाफ्ट आहे, त्यामुळे काढायला सोपी दिसते. पण तिच्या नेहमीच्या हाय गिअरमध्येसुद्धा १.४०९ चं रिडक्शन आहे, म्हणजे फिरण्याचा वेग तेवढ्या पटीने कमी होऊन जोर वाढतो. ती काढून सरळ शाफ्ट जोडला तर पहिल्या गिअरलाही जोर कमी पडेल आणि भरलेली गाडी चढाला उठणार नाही. मागच्या हौजिंगचं तोंडही मधोमध नाही, उजवीकडे सरकलेलं आहे. आणि स्पीडोमीटरची केबल ट्रान्सफरमधूनच निघते, म्हणजे काटाही गेला.

त्रैराशिक:
टायरांचा हिशेब मी करतो, हात शिवशिवतायत.
२०५/७० आर १५ चा व्यास साधारण ६६८ मिलिमीटर. २१५/७५ आर १५ चा ७०३. म्हणजे मागचं चाक पाच टक्क्यांहून थोडं जास्तच मोठं. एका किलोमीटरला मागचं चाक ४५२ वेळा फिरतं आणि पुढचं ४७७ वेळा. दांडा फोर-व्हीलला असताना दोघांनी सारखंच फिरलं पाहिजे अशी सक्ती. म्हणजे सरळ रस्त्यावर, एकही वळण न घेता, प्रत्येक किलोमीटरला जवळजवळ पंचवीस फेऱ्यांचं भांडण! टायर घासून घासून ते मिटवत होते.

आणि ताई, तुमचं अ‍ॅव्हरेज नऊ नाही. किलोमीटर मोजणारी केबल मागच्या चाकांच्या चालीवर चालते आणि ती चाकं मोठी झाली आहेत. काटा १०० किलोमीटर दाखवतो तेव्हा गाडी १०५ गेलेली असते. म्हणजे साडेनऊ पडतंय. अर्धा किलोमीटर मी तुम्हाला बसल्या जागी मिळवून दिला, मजुरी नको. मात्र काट्यावर ६० असताना तुम्ही ६३ ने जाताय, हे शाळेच्या वाटेवर ध्यानात ठेवा.

डेट्रॉइटकर:
थोडं अवांतर. माझी आधीची गाडी सुबारू, ऑटोमॅटिक. तिच्या बॉनेटखाली एक रिकामा फ्यूजचा खाचा होता. त्यात फ्यूज खोचला की मागच्या चाकांना जाणारा क्लच सुटायचा आणि गाडी फक्त पुढच्या चाकांवर. एक टायर फुटून लहान स्टेपनी लावावी लागली तर वापरायची ती सोय. ते वाचून माझ्या एका मित्राने त्याच्या मॅन्युअल सुबारूचा मागचा शाफ्टच काढला. मॅन्युअलमध्ये मधला डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या शाफ्टना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जुळणी) असतो, मोकळ्या बाजूला सगळी फिरकी जाते. इंजिन ओरडतंय, गाडी जागेवरच.

जुना_फिटर:
बरोबर, आणि हे इथे वाचणाऱ्या बाकीच्यांनीही लक्षात घ्या. मी जिप्सीबद्दल जे लिहिलं ते कायम फोर-व्हील असणाऱ्या गाड्यांना लागू नाही. तसंच आजच्या पुष्कळ गाड्यांत पुढचा अ‍ॅक्सलचा नटच चाकाचं बेअरिंग आवळून धरतो, तिथे अ‍ॅक्सल उपसून गाडी चालवली तर चाक निखळू शकतं. जिप्सीत चाक स्वतंत्र स्पिंडलवर बसतं, त्यामुळे ती भीती नाही.

नोंदवही:
कागदाचं कोणी बोललं नाही म्हणून. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. दुरुस्तीसाठी एखादा शाफ्ट सोडवून ठेवणं निराळं आणि आख्खं हौजिंग बदलणं निराळं. तुमची गाडी २००७ ची, म्हणजे पंधरा वर्षं झाल्यावर २०२२ ला पुन्हा पासिंग झालं असणार आणि पुढचं २०२७ ला. तेव्हा तपासणीत खाली वाकून बघणारा भेटलाच तर त्याला काय सांगायचं, ते आत्ताच ठरवा.

घनसाळ:
बाप रे. एवढं सगळं आण्णांना वाचून दाखवलं. त्रैराशिकांचा हिशेब ऐकून ते जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "पण चिखलात कधी अडकली का?" नाही अडकली, हे खरंच.
फिटरदादा, आवाजाचं आणि झटक्यांचं काय?

जुना_फिटर:
खर्च न करता चाचणी सांगतो. दोन्ही टोप्या फ्री करा. पुढचा प्रोपेलर शाफ्ट दोन्ही टोकांना चार-चार बोल्टवर आहे, तो सोडवा. सोडवण्याआधी शाफ्टच्या दोन्ही भागांवर आणि फ्लँजवर ऑइल पेंटने रेघ मारा, परत बसवताना त्याच रेघेला रेघ जुळली पाहिजे, नाहीतर क्रॉस (शाफ्टच्या टोकांचे सांधे) एकमेकांशी तिरपे बसतील आणि नवीनच थरथर सुरू होईल. फ्लँज जागेवरच राहतात, ऑइल गळत नाही. शाफ्ट पोत्यात गुंडाळून घरात ठेवा (गॅरेजमध्ये नाही!). आता तुमची गाडी शंभर टक्के टू-व्हील झाली, फुकटात आणि परतीच्या तिकिटासह. पंधरा दिवस शाळेत जा.
जो आवाज जाईल तो फोर-व्हीलचा. जो राहील त्याचा फोर-व्हीलशी संबंध नाही.
एकच जपा. या काळात छोटा दांडा लो मध्ये (कमी वेग, जास्त जोर) टाकून भरलेली गाडी चढवू नका. लो चा जोर चार चाकांत वाटला जावा म्हणून असतो. सगळा एकट्या मागच्या हौजिंगवर आला तर अ‍ॅक्सल तुटतो.

घनसाळ:
तीन आठवड्यांनी लिहिते आहे, सहामाहीचे पेपर होते.

शाफ्ट शेजारच्या गावातल्या दुसऱ्या मिस्त्रीकडून सोडवला, रेघा मी स्वतः मारल्या. निकाल असा: घूं आवाज तसाच. झटके तसेच. कटकट निम्म्याने कमी, पण आहे. काट्यावरचं अ‍ॅव्हरेज नऊवरून सव्वानऊ.
एकदा पाऊस पडून गेल्यावर पाणंदीत गेले. ओढ्याच्या अलीकडच्या चढाला मागची चाकं जागेवर फिरली आणि गाडीचा मागचा भाग बांधाकडे सरकला. आण्णा शेजारी बसून एक अक्षर बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं वाटलं असतं. शेवटी पोती उतरवून गाडी मागे घेतली.

जुना_फिटर:
म्हणजे घूं आवाज पुढचा नाहीच. ट्रान्सफरच्या ऑइलचं बुच उघडून बघा. जिप्सीत ऑइल चार ठिकाणी असतं: गिअरबॉक्स, ट्रान्सफर, पुढचं हौजिंग, मागचं हौजिंग. गिअरबॉक्समध्ये भरलं की ट्रान्सफरमध्ये पोचलं, असं समजणारे बरेच भेटतात.
झटक्यांसाठी पुढचं चाक जॅकवर घ्या आणि वर-खाली धरून हलवा. खेळ लागला तर एकाने ब्रेक दाबून धरायचा. तरी हलत असेल तर किंगपिनची (ज्या खुंट्यांवर पुढचं चाक डावी-उजवीकडे वळतं त्यांची) बेअरिंगं, ब्रेक दाबल्यावर थांबलं तर चाकाचं बेअरिंग.

घनसाळ:
ट्रान्सफरमधून जेमतेम चहाचा कप भरेल एवढं काळं ऑइल निघालं. नवीन भरल्यावर घूं बराच उतरला. थोडा आहे, पण रेडिओ ऐकू येतो.
डावं चाक ब्रेक दाबूनही हलत होतं, म्हणजे किंगपिन. दोन्ही बाजूंची बेअरिंगं बदलली, आत ग्रीसच्या जागी तांबडी माती आणि गंज होता. झटके गेले. निम्मी कटकटही त्याचीच होती. उरलेली डाव्या अ‍ॅक्सलच्या जॉइंटची आहे, ती टोप्या फ्री असल्या की वाजत नाही, म्हणून यंदा तो खर्च टाळला. दोन्ही मिळून खर्च त्या सहा हजारांच्या थोडा पुढे गेला, पण सामान आमच्याच घरात आहे.

शाफ्ट परत बसवला, रेघेला रेघ जुळवून. मागेही २०५/७० घातले. टोप्या आता बागेच्या फाटकापाशी मी लॉक करते आणि डांबरावर आल्यावर फ्री करते. आण्णा खिडकीतून लक्ष ठेवतात की दोन्ही केल्या की एकच.

मागचे २१५/७५ चे दोन टायर पडून आहेत, नक्षी सत्तर टक्के शिल्लक. आजरा-गडहिंग्लज भागात कोणाला हवे असतील तर व्यनि करा. मात्र चारही चाकांना तोच आकार असलेल्या माणसालाच देणार, आण्णांची अट आहे.