मदत हवी आहे: स्कार्लाटीचा के. १४१, डाव्या हाताचं काय करू?

मंडळी, संगीतकार डोमेनिको स्कार्लाटीचा डी मायनर सोनाटा, के. १४१ (कर्कपॅट्रिकच्या यादीतला क्रमांक), पियानोवर बसवतोय. उजव्या हातात एकच सूर सलग टकटकत राहतो, तिथे ३-२-१ (मधलं बोट, तर्जनी, अंगठा) अशी बोटं बदलून जमतंय कसंबसं, पण खरी गोची डाव्या हाताची आहे. ते खच्चून भरलेले कॉर्ड (एकदम दाबायचे सूर), त्यात मुद्दाम घुसवलेले खटकणारे सूर, हार्पसिकॉर्डवर (पियानोच्या आधीचं, तारा छेडून वाजणारं वाद्य) अगदी स्पॅनिश गिटार खरवडल्यासारखे कडक लागतात (माणूस नेपल्सचा, पण १७२९ पासून स्पेनमध्येच राहिला, ते ऐकू येतंच), आणि माझ्याकडे नुसता चिखल होतो. मग सूर गाळायचे, की कॉर्ड किंचित फोडून, म्हणजे सूर एकामागोमाग, वाजवायचा? सूर लांबवणारं पेडल अजिबातच नको का? कोणी वाजवलाय का हा? वेग किती ठेवलात तेही सांगा प्लीज.