मदत हवी आहे: दाढी ठेवणाऱ्यांनी आफ्टरशेव्ह कोणतं लावावं?

नमस्कार मंडळी,

भरगच्च दाढी ठेवतो, पण गालावरची वरची कड आणि हनुवटीखालचा गळा रेझरने साफ करावा लागतो. त्या तेवढ्या जागेसाठी आफ्टरशेव्ह कोणतं घ्यावं हे ठरत नाहीये.

नेहमीचं स्पिरिटवालं पाण्यासारखं आफ्टरशेव्ह गळ्याला जाम झोंबतं. वर ते दाढीत उतरलं की कडेचे केस काथ्यासारखे होतात. मग क्रीमसारखा आफ्टरशेव्ह बाम आणला. डिसेंबर-जानेवारीत छान चालला. पण एप्रिल लागला की आपल्याकडची हवा तुम्हाला ठाऊकच आहे, काही न लावताही अंग चिकचिकतं. रोज स्कूटरवरून फोंड्याहून पणजीला जातो आणि हेल्मेटचा पट्टा नेमका जिथे ब्लेड फिरलेलं असतं तिथेच घासतो. बाम, घाम आणि धूळ यांचा तिथे लगदा होतो. जबड्याखाली बारीक लाल पुटकुळ्या येतात, त्यातल्या काहींत केस आत वळलेला दिसतो.

एक गंमत म्हणजे श्रावणात आमच्याकडे ब्लेड बंद असतं. तेव्हा पाऊस, रेनकोटची कॉलर, पट्टा सगळं तेच, तरी गळा एकदम शांत. म्हणजे दोष नुसत्या घामाचा नसावा.

सलूनवाला तुरटी फिरवतो. रक्त थांबतं, पण कातडी ताणल्यासारखी होते आणि दाढीच्या कडेला पांढरी भुकटी राहते. काका म्हणतात, लिंबाची फोड चोळ. करू का?

बजेट पाचशेच्या आत. वास मंद हवा. स्कूटर नसेल त्या दिवशी सकाळच्या कदंब बसमध्ये आधीच दहा प्रकारचे सेंट दरवळत असतात, त्यात माझी भर नको. दाढीचं तेल वेगळं आहे, त्याबद्दल विचारत नाहीये.

कुळागर:
आफ्टरशेव्ह कातडीसाठी असतं, केसांसाठी नाही. तळहातावर ओतून दोन्ही गालांवर थापटायची सवय असेल तर ती सोडा. बोटाच्या टोकाने फक्त कडेला आणि गळ्याला लावा, दाढी कोरडी राहिली पाहिजे. स्पिरिट उडून जाताना गार वाटतं, पण कातडीचं तेलही घेऊन जातं.

तुमच्यासाठी बामपेक्षा जेल बरं: पाण्याचा बेस, त्यात कोरफड आणि ग्लिसरीन. बाटलीमागची यादी वाचा. पहिल्या दोन-तीन नावांत 'अल्कोहोल डेनॅट' (म्हणजे तेच स्पिरिट) दिसलं तर ठेवून द्या. 'सीटाइल' किंवा 'सिटेअरिल अल्कोहोल' दिसलं तर मात्र घाबरू नका. ती मेणासारखी असतात, कोरडं करत नाहीत. पण ती बहुधा बाम-क्रीममध्येच सापडतील.

रापणकार:
काकांना नमस्कार सांगा आणि लिंबू सोलकढीपासूनही लांब ठेवा, गळ्यापासून तर ठेवाच! लिंबाच्या रसात असे घटक असतात की वर ऊन पडलं की कातडी भाजल्यासारखी होते, फोड येतात, आणि मागे राहिलेले काळे डाग कित्येक आठवडे जात नाहीत. लिंबूवर्गी बर्गामोटचं तेल असलेल्या जुन्या पद्धतीच्या कोलोननेही असं होऊ शकतं. स्कूटरवर उन्हात जाणाऱ्याने हा खेळ करूच नये.

तुरटी वाईट नाही. कापलं तर तेवढ्याच ठिकाणी टेकवायची आणि मिनिटभराने पाण्याने धुऊन टाकायची. सलूनवाले धूत नाहीत, म्हणून भुकटी राहते.

सांजवेळ:
श्रावणाचं तुम्ही स्वतःच लिहिलंय, उत्तर तिथेच आहे. केस आत वळतोय म्हणजे भानगड ब्लेडची आहे, कुठलंही आफ्टरशेव्ह ती मिटवणार नाही. कुरळ्या केसांना हा त्रास जास्त. टोकदार कापलेला केस वळून परत कातडीत शिरतो. गळ्यावरचे केस सगळे खाली वाढत नाहीत, काही आडवे असतात. बोट फिरवून दिशा बघा आणि त्याच दिशेने ब्लेड चालवा. कातडी ताणू नका, उलटा हात तर नकोच. त्याहून सोपं म्हणजे गळ्यापुरतं रेझर सोडून बिनकंगव्याचा ट्रिमर फिरवा. किंचित खुंट राहतील, पण हेल्मेटखाली कोण बघतंय?

आणि हे काम सकाळी नको, रात्री करा. पट्टा घासायच्या आधी कातडीला रातभर उसंत मिळते. पट्ट्याचं कापड आठवड्यातून एकदा साबणाने धुवा, त्यात किती मीठ साचतं ते पाणी बघितलं की कळेल. पुटकुळ्यांत पू दिसला तर मात्र घरगुती काही नको. बांबोळीला जीएमसीत (गोवा मेडिकल कॉलेजात) स्किनची ओपीडी आहे, दाखवून या.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. रात्री ट्रिमर आणि वर कोरफडीचं जेल, असं ठरवतोय. लिंबू बाद, काकांना मीच समजावतो. एकच शंका: बिनवासाचं घेऊ की मंद चंदन चालेल?

कुळागर:
गळा शांत होईपर्यंत बिनवासाचंच. सुगंधी द्रव्यांचीही कितीतरी जणांना ॲलर्जी असते. नंतर चंदनवालं घ्याल तेव्हा आधी कोपराच्या आतल्या बाजूला काही दिवस लावून बघा. आणि वासाची हौस असेलच तर अत्तर शर्टाला लावा ना, गळ्याला कशाला?