मदत हवी आहे: इंग्रजी क्रियाविशेषणं कशी शिकावीत? 'हार्डली'ने माझा घात केला

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात एका खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. दहावीपर्यंत लातूर जिल्ह्यात मराठी माध्यमातून शिकले, नंतर जीएनएम (नर्सिंगची पदविका) केलं. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असायचं. औषधांची आणि आजारांची इंग्रजी नावं मला तोंडपाठ आहेत. अडते ती त्यांच्या आजूबाजूला येणाऱ्या लहान शब्दांपाशी.

मागच्या महिन्यात रात्रपाळी संपवताना मी नोट्समध्ये लिहिलं, 'पेशंट इज ब्रीदिंग हार्डली.' आजोबांना धाप लागली होती, श्वास जोरजोरात चालला होता, एवढंच मला सांगायचं होतं. 'क्विक'चं 'क्विकली', 'स्लो'चं 'स्लोली', मग 'हार्ड'चं 'हार्डली', असं मी धरून चालले. सकाळच्या डॉक्टरांनी ते वाचलं आणि धावत वॉर्डात आले, कारण त्याचा अर्थ 'श्वास जेमतेम चालू आहे' असा होतो. आजोबा स्थिर होते. मला कोणी रागावलं नाही, इनचार्ज सिस्टरांनी फक्त तो शब्द बोटाने दाखवला. पण उलटं झालं असतं तर? खरोखर श्वास मंदावलेला असताना मी 'हार्ड' लिहिलं असतं तर? तेव्हापासून हे डोक्यातून जात नाही.

बाजारातून एक पुस्तक आणलं. त्यात दोनशे क्रियाविशेषणं आणि पुढे मराठी अर्थ. निम्मी पाठ केली, उपयोग झाला नाही. अर्थ कळतो, वापर कळत नाही. माझ्या अडचणी लिहिते.

एक म्हणजे 'अजून'. ताप अजून आहे. लघवी अजून झाली नाही. अजून एक उशी द्या. मराठीत एकाच शब्दावर भागतं, इंग्रजीत मी दर वेळी अडखळते.

दुसरं, 'दोन तासांपूर्वी पॅरासिटामॉल दिली' हे मी 'बिफोर टू अवर्स' लिहिते. चूक आहे असं सगळे म्हणतात, का ते कोणी सांगत नाही.

तिसरं, आपला 'च'. 'आत्ताच दिलं' याचं माझ्याकडून 'नाऊ ओन्ली गिव्हन' होतं.

आणि सगळ्यात जास्त सलतं ते पुढचं. पेशंट सांगतात, 'सिस्टर, राहून राहून दुखतंय', 'सणकन कळ गेली', 'सारखं ठसठसतंय', 'रात्रीपासून हळूहळू वाढत गेलं'. किती नेमकं सांगतात! माझ्या नोट्समध्ये या चौघांचंही 'पेन प्रेझेंट' होतं. त्यांनी सांगितलेलं डॉक्टरांपर्यंत पोचतच नाही. कृपया मार्ग दाखवा.

प्रतिसाद १

ताई, मी तीस वर्षं जिल्हा परिषद शाळेत इंग्रजी शिकवलं. तुमची यादी वाचून बरं वाटलं, कारण नेमकं कुठे अडतंय ते तुम्हाला दिसलंय.

शेवटी 'ली' लावलं की क्रियाविशेषण, ही समजूत आधी सैल करा. हार्ड, फास्ट, लेट, अर्ली हे शब्द तसेच्या तसे क्रियाविशेषण म्हणूनही चालतात. 'फास्टली' असा शब्दच नाही. 'हार्डली' आणि 'लेटली' आहेत, पण त्यांनी आता वेगळा संसार थाटलाय: 'हार्डली' म्हणजे जेमतेम, 'लेटली' म्हणजे हल्ली. 'हार्डली'त नकार आधीच आहे, म्हणून त्याच्यासोबत 'नॉट' घालू नका. उलट 'फ्रेंडली', 'लोनली' यांना शेपूट 'ली'चं असूनही ती विशेषणं आहेत.

'अजून'साठी मी मुलांना एक युक्ती द्यायचो. त्या जागी 'अजूनही' बसलं आणि गोष्ट चालू असली, तर 'स्टिल': 'शी स्टिल हॅज अ फीव्हर.' 'आणखी' बसलं तर 'मोर' किंवा 'अनदर': 'अनदर पिलो'. आणि व्हायला हवं ते झालेलं नाही, वाक्यात 'नाही' आहे, तर 'येट', तेही बहुतेक वेळा शेवटी: 'ही हॅजंट पास्ड युरिन येट.' इथेच 'ही स्टिल हॅजंट पास्ड युरिन' असंही म्हणता येतं, पण त्यात 'एव्हाना व्हायला हवी होती' ही काळजी ऐकू येते. तुमच्या कामात हा फरक उपयोगी पडेल. एव्हाना होऊन गेलं असेल तर 'ऑलरेडी'.

'बिफोर'ला पुढे एखादी घटना लागते: जेवणाआधी, ऑपरेशनआधी. आत्तापासून मागे मोजायचं असेल तर 'अगो'. हा शब्द अगदी आपल्या 'पूर्वी'सारखा मोजमापाच्या मागे येतो. 'दोन तासांपूर्वी', 'टू अवर्स अगो'. क्रमसुद्धा मराठीचाच.

'च'ला इंग्रजीत एक शब्द नाही. 'आत्ताच' म्हणजे 'जस्ट', 'तोच' म्हणजे 'द सेम', 'इथेच' म्हणजे 'राइट हिअर'. 'दूधच घेतलं' यात मात्र 'ओन्ली' खरं, पण ते 'मिल्क'च्या आधी: 'ओन्ली मिल्क'. आपला 'च' शब्दाला मागून चिकटतो, म्हणून आपण 'ओन्ली'ही मागे टाकतो.

जागेबद्दल एकच सांगतो. इंग्रजीत क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्यामध्ये सहसा क्रियाविशेषण घुसवू नये. 'गिव्ह द इंजेक्शन स्लोली', 'गिव्ह स्लोली द इंजेक्शन' नव्हे. किती वेळा ते सांगणारे शब्द मात्र मुख्य क्रियापदाच्या आधी येतात, 'ही ऑफन कॉफ्स ॲट नाइट', आणि 'इज' असेल तर त्याच्या नंतर: 'शी इज युजवली ड्राउझी आफ्टर लंच.'

प्रतिसाद २

सिस्टर, मी बरीच वर्षं इंग्लंडमध्ये वॉर्डात काम करतेय. तुमच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल लिहिते, कारण तो माझाही होता.

मराठीत आपण क्रियापद साधं ठेवतो आणि रंग क्रियाविशेषणाने भरतो. धाडकन, पटकन, सणकन. इंग्रजीत तो रंग पुष्कळदा क्रियापदातच असतो. 'धाडकन दार लावलं' याला 'स्लॅम्ड' एवढं पुरतं. म्हणून 'सणकन'ला क्रियाविशेषण शोधत बसू नका. 'सणकन कळ' म्हणजे 'शूटिंग पेन', 'ठसठसतंय' म्हणजे 'थ्रॉबिंग', 'सारखं' म्हणजे 'कॉन्स्टंट'. 'राहून राहून'ला 'द पेन कम्स अँड गोज' लिहा, किंवा 'इंटरमिटंट'. 'सडनली' आणि 'ग्रॅज्युअली' हे दोन मात्र कधीच गाळू नका. दुखणं अचानक उठलं की हळूहळू वाढलं, यावरून डॉक्टरांची पुढची दिशा बदलू शकते.

'अगो' शिका, पण नोट्समध्ये घड्याळातली वेळ लिहा. वाचणारा चार तासांनी वाचतो, मग 'टू अवर्स अगो' कशापासून मोजायचं? 'बायवीकली' तर लिहूच नका. आठवड्यातून दोनदा आणि दोन आठवड्यांतून एकदा, असे दोन्ही अर्थ त्यातून निघतात. 'क्वाइट'ही टाळा, इथे 'क्वाइट टायर्ड' म्हणजे बऱ्यापैकी दमलेला आणि 'क्वाइट इम्पॉसिबल' म्हणजे पूर्ण अशक्य.

धागाकर्ती

सर, ताई, खूप आभार. दोन्ही प्रतिसाद वहीत उतरवून घेतले. कालच्या पाळीत लिहिलेली चार वाक्यं देते, तपासाल का? शेवटचं एका आजींबद्दल आहे.

'पेशंट इज ब्रीदिंग हार्ड.'
'शी हॅज ऑलरेडी हॅड हर टॅब्लेट्स.'
'द पेन स्टार्टेड सडनली ॲट ३ ए. एम. अँड इट कम्स अँड गोज.'
'शी डिड नॉट ईट. शी डिड नॉट टेक टी ऑल्सो.'

प्रतिसाद २

दुसरं आणि तिसरं उत्तम. तिसऱ्यातून तर पेशंटचा आवाज ऐकू येतोय. पहिलं व्याकरणात बरोबर आहे, पण आपल्या कामात 'ब्रीदिंग इज लेबर्ड', म्हणजे श्वास कष्टाने चाललाय, असं लिहा आणि पुढे मिनिटाला किती श्वास तो आकडा द्या. प्रौढ माणसाचे साधारण १२ ते २० असतात. पुढे २८ दिसलं की धाप किती आहे ते कोणीही ओळखेल.

प्रतिसाद १

चौथं बघू. नकारी वाक्यात 'ऑल्सो'ऐवजी 'ईदर': 'शी डिडंट हॅव टी ईदर.' पण ताई, मला एक सांगा. आजी जेवल्या नाहीत आणि चहा पण घेतला नाही, एवढंच म्हणायचं होतं, की चहा कधी न सोडणाऱ्या आजींनी चहासुद्धा घेतला नाही?

धागाकर्ती

सुद्धा, सर. त्या रोज दोनदा चहा मागतात.

प्रतिसाद १

मग 'ईव्हन' हवं. 'शी डिडंट ईव्हन हॅव हर टी.'

धागाकर्ती

वहीत लिहिलं. आज पुन्हा रात्रपाळी आहे, आजी अजून वॉर्डातच आहेत. 'शी इज स्टिल इन द वॉर्ड', बरोबर ना?

प्रतिसाद १

अगदी बरोबर.