मदत हवी आहे : घड्याळापुढे हरणाऱ्या मुलीला इव्हानचुकचे कोणते डाव दाखवू?

नमस्कार मंडळी,

माझी मुलगी तेरा वर्षांची आहे, बुद्धिबळ खेळते. तिची समज चांगली आहे, पण दर स्पर्धेत ती घड्याळापुढे, म्हणजे वेळ कमी पडून, हरते. मागच्या रविवारी जिंकत आलेल्या डावात तिने एका चालीला बावीस मिनिटं घेतली. हात घोड्यापर्यंत जायचा, परत मांडीवर यायचा. मग शेवटी तीस-तीस सेकंदांवर खेळताना हत्ती फुकट गेला. प्रशिक्षक म्हणतात, "एवढा विचार नको, हात चालव." मला हे पटत नाही. विचार करणं हीच तर तिची ताकद आहे.

तिचा लाडका खेळाडू युक्रेनचा वासिल इव्हानचुक. १९९१ साली, अवघ्या एकविसाव्या वर्षी त्याने स्पेनमधल्या लिनारेसच्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत तेव्हाचा जगज्जेता कास्पारॉव्हला हरवलं, पुढे माजी जगज्जेता कारपॉव्हलाही, आणि कास्पारॉव्हला अर्ध्या गुणाने मागे टाकून स्पर्धा जिंकली. तो कास्पारॉव्हविरुद्धचा डाव आम्ही दोघांनी पटावर मांडून पाहिलाय. सिसिलियन नावाच्या सुरुवातीत तिसऱ्याच चालीला उंटाचा शह!

हाच माणूस २०१३ च्या लंडनच्या कँडिडेट्समध्ये (जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेत) १४ पैकी ५ डाव केवळ वेळ संपली म्हणून हरला. मला तर वाचूनच गलबलून आलं. आणि त्याच स्पर्धेत त्याने काळी मोहरी घेऊन कार्लसनला हरवलं, शेवटच्या फेरीत क्रामनिकलाही. त्या निकालाचा तेव्हा जगज्जेता असलेल्या आपल्या आनंदशी थेट संबंध होता, कारण त्याचा आव्हानवीर तिथेच ठरला.

पण २००७ चा ब्लिट्झ (काही मिनिटांच्या अतिजलद डावांचा) जगज्जेता आणि २०१६ चा, वयाच्या ४७ व्या वर्षी दोह्यातला रॅपिड (जलद डावांचा) जगज्जेताही इव्हानचुकच! म्हणजे हात चालत नव्हता असं नाही. लंडनला पहिल्या ६० चालींपर्यंत दर चालीला वाढीव सेकंद मिळत नव्हते, दोह्यात १५ मिनिटांवर १० सेकंद मिळत होते. फरक एवढाच असेल का? मुलीला तर ९० मिनिटांवर ३० सेकंद मिळतात, तरी तीच गत.

जाणकारांनी कृपया सांगा : त्याने सुरुवातीला वेळ राखून, मोक्याच्या एकाच जागी खोल विचार केला असे डाव कोणते? आणि कुठे थांबायचं, कुठे सरळ खेळायचं, हे मुलांना घरी कसं शिकवता? पुढची स्पर्धा तीन आठवड्यांवर आहे. घरी डिजिटल घड्याळ आहे, रोज तासभर मी तिच्यासोबत बसू शकते.