उएसुगी केनशिन : द्वंद्व आणि मीठ, इतिहास किती?

माहुलीकर, सातारा
सप्रेम नमस्कार. सोळाव्या शतकातील जपानी सरदार उएसुगी केनशिन याच्याविषयी वाचताना दोन प्रसंग वारंवार समोर येतात. १५६१ मध्ये कावानाकाजिमाच्या लढाईत तो एकटाच घोडा फेकत ताकेदा शिंगेनच्या गोटात शिरला आणि शिंगेनने त्याचे वार हातातल्या पंख्यावर झेलले, हा पहिला. पुढे त्याच शिंगेनचे मीठ इतरांनी तोडले असता केनशिनने ते पाठवले, हा दुसरा. यांतले खरे किती मानावे?

कृष्णाकाठ, सांगली
द्वंद्वाची कथा मुख्यतः ‘कोयो गुनकान’ या ताकेदा पक्षाच्या ग्रंथातून आली असून तो सतराव्या शतकाच्या आरंभी आकाराला आला. प्रतापगडाचा प्रसंग सभासदाने १६९४ मध्ये, म्हणजे ३५ वर्षांनी लिहिला आणि चिटणिसांनी तो तुमच्याच साताऱ्यात बसून एकोणिसाव्या शतकात लिहिला. या दोन साक्षी आपण एका तराजूत तोलत नाही, तोच न्याय येथेही लावावा. तरीही कथा निव्वळ हवेतली नाही, कारण सम्राटाच्या दरबारातील कोनोए साकिहिसा याने लढाईच्याच वर्षी केनशिनला लिहिलेल्या पत्रात त्याने जातीने तलवार चालवल्याची प्रशंसा आहे. मात्र समोर शिंगेन होता, असे त्यात म्हटलेले नाही.

मीठभाकर, वाई
मिठाची गोष्ट मला अधिक रोचक वाटते. शिंगेनच्या काई प्रांताला समुद्र नव्हता, त्यामुळे इमागावा घराण्याने मीठ रोखताच तेथे खरी अडचण झाली. केनशिनच्या एचिगोला किनारा होता. त्याने या नाकेबंदीत भाग घेतला नाही आणि व्यापाऱ्यांना अडवले नाही, एवढेच अभ्यासक साधारणपणे मान्य करतात. फुकट मिठाचे दान ही नंतरची भर दिसते. विकलेल्या मिठाचे दान व्हायला पुढच्या पिढ्यांची श्रद्धा पुरेशी असते.

माहुलीकर, सातारा
आभार. मग ‘कोयो गुनकान’ बाजूलाच ठेवावा काय?

कृष्णाकाठ, सांगली
तशी घाई करू नये. त्यात शिंगेनचा युद्धसल्लागार म्हणून रंगवलेला यामामोतो कान्सुके हा कल्पित असावा, असे अनेक विद्वान म्हणत असत. १९६९ मध्ये होक्काइदोत शिंगेनचे एक पत्र उजेडात आले आणि त्यात याच नावाचा निरोप्या निघाला. सल्लागार नव्हे, निरोप्या. पण माणूस होता.