'केमोच मारतो' म्हणणाऱ्यांना

खानापूरकर:
काल इथं एकानं लिम्फोमाबद्दल, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कॅन्सरबद्दल लिहिलं, 'लिम्फोमाचा पेशंट अ‍ॅडमिट करू नका, केमोच त्याला मारतो.' वाचून झोप लागली नाही. माझ्या वडिलांना दुसऱ्या केमोनंतर नवव्या दिवशी १०१ ताप आला. आम्ही पॅरासिटामॉल देऊन रात्र काढली. सकाळी बेळगावला पोचलो तर न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) २००, बीपी पडलेलं. तिसऱ्या दिवशी गेले. न्यूट्रोफिल ५०० च्या खाली असताना ताप आला, तर तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक जायला हवं. आम्ही अकरा तास घालवले.

निपाणीचा पुतण्या:
मग त्या पेशी पाडल्या कुणी? केमोनंच की ओ! माझी काकू ७४ वर्षांची, शुगर आहे, किडनी कमजोर. तरी पूर्ण डोस.

खानापूरकर:
साठीच्या पुढचं वय, अंथरुणाला खिळणं, रक्तात वाढलेलं एलडीएच हे एन्झाइम, तिसरी-चौथी स्टेज हे धोके १९९३ पासून आयपीआय या लिम्फोमाच्या गुणांकात मोजतात. दवाखाना त्यात कुठं आला?

सीमाभाग ८६५:
भाषा आली की! आमच्या डिस्चार्ज कार्डावर 'ताप आल्यास लगेच या' हे कन्नडमध्ये होतं. आईला वाचता आलं नाही. २०२३ ला महाराष्ट्रानं ८६५ गावांना जन आरोग्य योजना दिली, तर तिलाही कर्नाटकातून विरोध!

हुक्केरीची लेक:
प्रत्येक धाग्यात सीमाप्रश्न कशाला ओ? माझा भाऊ आयसीयूत व्हेंटिलेटरवर होता, तेव्हा रात्रभर हात धरून बसलेली नर्स कन्नडच होती.

सीमाभाग ८६५:
नर्सला कोण बोललं? मी कागदाचं बोलतोय. तो कागद आईच्या उशाखाली होता, समजलं?

हुक्केरीची लेक:
कागद मराठीत हवा, मान्य. पण भावाच्या मानेला गाठ होती, बायोप्सी न करता पाच महिने टीबीच्या गोळ्या चालवल्या. लिम्फोमा कळला तेव्हा चौथी स्टेज. ती चूक मराठी बोलणाऱ्या डॉक्टरचीच.

निपाणीचा पुतण्या:
भांडा तुम्ही. काकूची तिसरी केमो मंगळवारी आहे. ताप आला तर रात्रीच गाडी काढतो, एवढं तुमचं ऐकतो. पण डोसाचं डॉक्टरांना विचारणारच.

खानापूरकर:
विचाराच. रिटुक्सिमॅब हे लिम्फोमावरचं औषध असेल तर हेपॅटायटिस बी ची तपासणी झाली का, तेही विचारा. केमोनंतर सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत थर्मामीटर काकूंच्या उशाशी ठेवा.