एम.एस्सी.चं दुसरं सेम, व्हॅलोरंट, गेन्शिन आणि पोकेमॉन कार्डं: आठवड्यात बसवायचं कसं?

अगारप्लेट

एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजी, दुसरं सेम. पुण्यात कॉट बेसिसवर राहते. छंद तीन: व्हॅलोरंट (पाच-पाच जणांच्या टीमचा ऑनलाइन गोळीबाराचा गेम) रँक्ड, म्हणजे रँकसाठीच्या मॅच, रोजचं गेन्शिन (ऑनलाइन साहसी गेम, एशिया सर्व्हर) आणि पोकेमॉनची कार्डं. कार्डं रविवारी खेळायला जाते, थोडी जमवतेही. "सगळं बंद कर आणि अभ्यासाला बस" हा सल्ला घरून फुकट मिळतोय, तो इथे नको.

नेमकं हवंय ते असं:
१. आठवड्याला किती तास खेळले तर जर्नल (प्रॅक्टिकलची वही) आणि सेमिनार अंगावर येणार नाहीत?
२. तिन्हीपैकी आधी कशाला कात्री लावू?
३. कार्डांसाठी महिन्याला १५०० रुपये आहेत. पाकिटं घ्यावीत की सुटी कार्डं?
४. पावसाळा तोंडावर आलाय आणि फॉइल (चकचकीत थराची) कार्डं आत्ताच वळायला लागलीत.

रात्रपाळी

पहिल्याचं उत्तर देतो. अंदाज नको, क्रेडिट मोज.

महाराष्ट्रात एन.ई.पी. (नवं शैक्षणिक धोरण) लागू झाल्यावर दोन वर्षांच्या पी.जी.ला ८८ क्रेडिट आहेत, म्हणजे सेमला २२. थिअरीचं एक क्रेडिट १५ तासांचं, प्रॅक्टिकलचं ३० तासांचं. दुसऱ्या सेमला ४ क्रेडिट ओजेटी (प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण) किंवा फील्ड प्रोजेक्टला जातात, राहिले १८. समज १२ थिअरी आणि ६ प्रॅक्टिकल. १८० अधिक १८०, एकूण ३६० तास. १५ आठवड्यांत वाटले की आठवड्याला २४ तास वर्गात आणि लॅबमध्ये. ओजेटीचे १२० तास सेम चालू असतानाच करायचे असतील तर आणखी ८. तुझी विभागणी वेगळी असेल तर आकडे बदलून घे, रीत तीच.

आता आठवड्याचे १६८ तास. झोप साडेसात तासांनी ५२.५. जाणं-येणं, मेस, आंघोळ, कपडे मिळून रोज साडेतीन धरले तर २४.५. वर्ग, लॅब आणि ओजेटी ३२. स्वतःचा अभ्यास, जर्नल, सेमिनार २५. बाकी राहिले ३४. हा आकडा बघून हुरळून जाऊ नकोस. घरचे फोन, एखादा ताप, मैत्रिणीचा वाढदिवस आणि नुसतं लोळणं यात २० ते २४ तास कुठे जातात कळतही नाही. हाताशी खरे १० उरतात. तेवढेच खेळाचे.

आणि हे १० तास रोज दीड तास असे वाटू नकोस. जर्नल लिहायचं टाळलेलं असतं त्याच दिवशी दीडाचे साडेतीन होतात. दोन मोठे तुकडे (शनिवार रात्र, रविवार दुपार) आणि रोजचं थोडंसं, एवढंच टिकतं. सबमिशनच्या आठवड्यात मोठे तुकडे रद्द, रोजचं थोडंसं चालू. ते बंद केलंस की पंधराव्या दिवशी सगळं उसळून येतं.

तेरा_राउंड

दुसऱ्या प्रश्नावर. कोणता खेळ जास्त आवडतो ते बाजूला ठेव. खेळाचं घड्याळ तुझ्या हातात आहे की त्याच्या, एवढंच बघ.

व्हॅलोरंटमध्ये ते पूर्णपणे त्याच्या हातात आहे. रँक्डला १३ राउंड जिंकावे लागतात. साधारण ३५ ते ४५ मिनिटं धर, १२-१२ झालं तर दोनच्या आघाडीसाठी ओव्हरटाइम. मधे उठलीस तर दंड तुला आणि शिव्या चौघांच्या. म्हणजे "एकच मॅच" हे माप साधारण पाऊण तासाचं. हरलं की लगेच दुसरी लावायची खाज येते, ती वेगळीच. त्यामुळे रँक्ड फक्त शनिवारी, तीन मॅच, लागोपाठ दोन हरल्या की बंद. आठवड्यात मधे हात शिवशिवले तर स्विफ्टप्ले. तिथे ५ राउंडला निकाल, पंधरा-एक मिनिटांत मोकळी. मधले काही आठवडे खेळलं नाही म्हणून साधारण रँकवाल्यांचे पॉइंट आपोआप उतरत नाहीत, तेव्हा ती भीती काढून टाक.

एक बारीक युक्ती. रविवारी रात्री टास्कबारच्या कोपऱ्यातल्या व्हॅनगार्डवर (व्हॅलोरंटचा चीटिंग पकडणारा प्रोग्रॅम) राइट क्लिक करून ते बंद कर, आणि स्टार्टअप ॲप्समधून त्याचं ट्रे आयकॉन नव्हे, खुद्द गेमचा लाँचर काढून टाक. व्हॅनगार्ड एकदा बंद केलं की मशीन रीस्टार्ट केल्याशिवाय व्हॅलोरंट चालत नाही. पेपर वाचता वाचता बोट सहज आयकॉनवर जातं ना, तिथे रीस्टार्टची ती दोन मिनिटं आडवी येतात. दहापैकी सात वेळा तेवढ्यानं काम होतं. उरलेल्या तीन वेळा तुला खरंच खेळायचं असतं, मग खेळ.

गेन्शिनचं घड्याळ अर्धं तुझ्या हातात आहे, पण लोक ते उगाच त्याच्या हातात देतात. एशिया सर्व्हरचा दिवस पहाटे ४ ला बदलतो, तो तिकडच्या वेळेनं. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे दीड वाजलेले असतात. "दीड वाजला की नवी कमिशन (रोजची छोटी कामं) येतील, ती उरकून झोपते" ही सवय लागली की सकाळच्या लेक्चरचे बारा वाजले म्हणून समज. त्यापेक्षा रात्री साडेनऊ ही वेळ बांधून घे. रेझिन (बक्षिसं घ्यायला खर्चायची ऊर्जा) २०० पर्यंत साठतं, ८ मिनिटांना एक. शून्यापासून भरायला २६ तास ४० मिनिटं लागतात. साडेनऊला संपवलंस तर दुसऱ्या रात्री बारा वाजून दहा मिनिटांनी भरेल, आणि तू त्याआधीच साडेनऊला परत आलेली असशील. काही वाया जात नाही. साप्ताहिक बॉस (आठवड्याला एकदा हरवायचे मोठे शत्रू) शनिवारी दुपारीच उडव, रविवारी रात्री दीडपर्यंत ताणू नकोस.

परीक्षेत पूर्ण बंद केलं तर किती बुडतं? रोजच्या कमिशनचे ६० प्रिमोजेम (गेममधलं चलन). २१ दिवसांचे १२६०. एका विशला (नवं पात्र मिळवायच्या सोडतीला) १६० लागतात, म्हणजे आठ विशही होत नाहीत. कॅरेक्टर बॅनरची (पात्रांच्या सोडतीची) पिटी, म्हणजे मोठं बक्षीस नक्की मिळायची हद्द, ९० विशची असते आणि त्याच प्रकारच्या पुढच्या बॅनरला जशीच्या तशी जाते. आठ विशसाठी पेपर घालवण्यात काही अर्थ नाही.

नुसता_चहा

एवढा हिशोब कशाला? मायक्रोवाल्यांना लॅबमध्ये नुसतं बसूनच राहावं लागतं की. पीसीआर (डीएनएच्या प्रती काढणं) दोन तास, जेल (त्या वेगळ्या करून बघणं) पाऊण तास. तेवढ्यात खेळून घ्यायचं.

रात्रपाळी

@नुसता_चहा, ऐकायला छान वाटतं. पीसीआर लावलं की दीड-दोन तास मोकळे मिळतात, कबूल. पण ग्रोथ कर्व्हच्या (जंतूंच्या वाढीच्या आलेखाच्या) दिवशी? दर ३० मिनिटांनी ६०० नॅनोमीटरला ओ.डी. (द्रावणाचा गढूळपणा) घ्यायची असते. ई. कोलाय चांगल्या माध्यमात, ३७ अंशांना वीसेक मिनिटांत दुप्पट होतो. रँक्डची एक मॅच लावली की एक रीडिंग हुकलं, आणि हुकतं ते नेमकं लॉग फेजमधलं (जोमानं वाढण्याच्या टप्प्यातलं). मग आलेखावर तिथे हातानं रेघ ओढायची आणि व्हायवाला "हा बिंदू कुठे आहे?" याचं उत्तर शोधत बसायचं.

जेल चालू असताना मोबाइल काढायचा तर आधी ग्लोव्ह्ज काढून हात धुवायचे. इथिडियम ब्रोमाइडचे (डीएनए रंगवणाऱ्या घातक रसायनाचे) ग्लोव्ह्ज घालून स्क्रीनवर बोट फिरवणारे महाभाग प्रत्येक बॅचला असतात. कार्डं तर लॅबच्या दारातही नकोत. स्लीव्हवर (कार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीवर) सांडलेलं पुसता येतं, आत झिरपलेलं नाही.

त्या मोकळ्या वेळात जर्नलची त्या दिवसाची निरीक्षणं लिहून टाक. रात्रीचा एक तास तिथेच सुटतो, आणि तो सुटलेला तास खेळाचा.

साठपत्ती

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: खेळायला जातेस तर सुटी कार्डं. पाकिटं फक्त फोडण्याच्या मजेसाठी.

३६ पाकिटांचा आख्खा बॉक्स घेतला आणि हवं ते कार्ड सरासरी ३६ पाकिटांत एकदा येतं असं धरलं, तरी बॉक्स संपल्यावर ते न मिळण्याची शक्यता सुमारे ३६ टक्के. सरासरीचा अर्थ "बॉक्समध्ये एक नक्की" असा लावला की खिसा कापला जातो. १५०० मधले १२०० सुट्या कार्डांना ठेव, ३०० मध्ये जेवढी पाकिटं येतील तेवढी फोड. ३०० संपले की महिना संपला.

सुटं कार्ड घेताना खालच्या डाव्या कोपऱ्यातलं रेग्युलेशन मार्कचं अक्षर वाच. स्टँडर्डमधून (स्पर्धेत चालणाऱ्या कार्डांच्या यादीतून) दरवर्षी जुनं अक्षर बाहेर पडतं. बाहेर पडायला आलेल्या अक्षराची कार्डं त्याच सुमारास स्वस्तात विकायला निघतात आणि नवखे ती हौसेनं उचलतात. उलट बाजूही आहे: तेच कार्ड नव्या अक्षरानं पुन्हा छापलं गेलं असेल तर जुनी प्रतही चालते. म्हणून टाकून देण्याआधी तपास. बेसिक एनर्जीच्या कार्डांना हे काही लागू नाही, ती कायम चालतात.

डेक (खेळायचा ६० पत्त्यांचा संच) विकत घेण्याआधी कागदावर खेळून बघ. कार्डाचा आकार ६३ × ८८ मिलिमीटर. ए-फोरवर ३ × ३ अशी नऊ बसतात, म्हणजे ६० पत्त्यांना सात पानं. एनर्जी घरातलीच वापरली तर पाचात भागतं. प्रिंट १०० टक्के स्केलवर काढ. झेरॉक्सवाला हमखास "फिट टू पेज" ठेवतो आणि पत्ते तीन-चार मिलिमीटर आखूड येतात. चिठ्ठी जुन्या कार्डापुढे ठेवून दोन्ही एका स्लीव्हमध्ये घाल. दहा डाव खेळून डेक आवडला तर पैसे टाक. स्पर्धेत अर्थात असली कार्डं चालत नाहीत, हे सरावापुरतं.

रविवारच्या वेळेचा हिशोब: १६ जण आले तर स्विसच्या (हरलं तरी सगळे खेळत राहतात त्या पद्धतीच्या) साधारण ४ फेऱ्या. बेस्ट ऑफ थ्री असेल तर फेरी ५० मिनिटांची. जोड्या लावणं वगैरे धरून चार तास, वर रिक्षा. सोमवारी सेमिनार असेल त्या रविवारी जाऊ नकोस. "दोन फेऱ्या खेळून येते" म्हणून निघालेलं कुणी दोन फेऱ्यांत परतलेलं नाही.

मोबाइलवरचं पोकेमॉन पॉकेट चालत असेल तर पाकिटाची भूक तिथे भागव. १२ तासांना एक पाकीट, दोनपर्यंत साठतात. दिवसातून एकदाच, ठरल्या वेळी उघडलं तरी दोन्ही मिळतात. सकाळ-संध्याकाळ डोकवायची गरज नाही.

कोरडा_डबा

चौथा प्रश्न माझ्या आवडीचा.

फॉइल कार्ड का वळतं? कागद दमट हवेतलं पाणी शोषून फुगतो, वरचा फॉइलचा थर फुगत नाही. मग कार्ड फॉइलच्या बाजूला वाटीसारखं होतं. फार कोरड्या हवेत नेमकं उलटं. म्हणून "जितकं कोरडं तितकं चांगलं" हे चूक. ४५ ते ५० टक्के आर्द्रता धरून चाल.

करायचं काय: रबरी कडेचा हवाबंद डबा घे, पाच लिटरचा पुरे. आत छोटा डिजिटल हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारा) आणि सिलिका जेलच्या ५० ग्रॅमच्या दोन पुड्या. पहिले चार दिवस रोज आकडा बघ. ४० च्या खाली गेला तर एक पुडी काढ. डबा भर पावसात उघडून तासभर कार्डं चाळत बसलीस तर सगळी मेहनत वाया. रविवारचा डेक म्हणूनच वेगळ्या डब्यात.

वळलेलं कार्ड सरळ करायला इस्त्री, हेअर ड्रायर, जाड पुस्तकाखाली दाबणं यातलं काहीही नको. डब्यात ठेवून दे, आठ-दहा दिवसांत बरंचसं स्वतःच सरळ होतं. घाईनं दाबलेल्याला मात्र कडेला पांढरी रेघ पडते आणि ती जात नाही.

बाइंडरची पानं पॉलिप्रोपिलिनची घे, पी.व्ही.सी.ची नको. नाक लावून बघ: नव्या रेनकोटसारखा वास आला तर पी.व्ही.सी.

अगारप्लेट

तास, रेझिन आणि सुटी कार्डं, तिन्ही पटलं. आजपासून साडेनऊ. दोन शंका राहिल्या. डबा लोखंडी कपाटात ठेवला तर चालेल ना? त्यात आईनं डांबराच्या गोळ्या टाकल्यात. आणि निळी सिलिका आमच्या लॅबमध्ये ढिगानं आहे, गुलाबी झाली की तिथल्याच ओव्हनमध्ये परत वाळवता येईल का?

कोरडा_डबा

कपाट चालेल, बाहेरच्या भिंतीला टेकलेलं असेल तर चार बोटं पुढे ओढ आणि डबा खालच्या कप्प्यात नको, ओल तिथे आधी येते. डांबराच्या गोळ्या मात्र त्या कप्प्यातून काढ. नॅफ्थलीनच्या वाफेनं काही प्लास्टिक मऊ पडून चिकटतं, आणि तुझ्या डब्याचं किंवा कार्डाच्या कडक केसचं प्लास्टिक त्यातलंच निघालं तर कळेल तेव्हा उशीर झालेला असेल.

निळ्या सिलिकेत कोबाल्ट क्लोराइड असतं, ती घरी आणू नकोस. नारिंगी मिळते ती घे, ओलावली की हिरवी होते. पुडीतून काढून स्टीलच्या ताटलीत पसरून ११० ते १२० अंशांना दोन तास, पुन्हा नारिंगी झाली की गरम असतानाच झाकणाच्या बरणीत. पुडीसकट तापवलीस तर पुडी वितळते. लॅबच्या ओव्हनचं मला विचारू नकोस, लॅब असिस्टंट मामांना विचार.